शैला सिस्टरची मोहरी

आठ महिने मी कानाला मोहरीचे दाणे चिकटवून फिरलो आणि ते एकदाही दाबले नाहीत.

उपचार माझ्या शिंकांवर होता. सकाळी उठल्यापासून आंघोळीपर्यंत चौदा-पंधरा शिंका, मग दिवसभर गळकं नाक. डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून गोळी दिली. गोळी घेऊन मी कचेरीत पेंगायचो. निवृत्त झाल्यावर सावेडीच्या फ्लॅटमध्ये पेंगू लागलो. तेव्हा शेजाऱ्याने केडगावच्या शैला सिस्टरकडे धाडलं.

सिस्टर निवृत्त नर्स. कानावर दाब देण्याचा उपचार म्हातारपणी शिकलेल्या. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवायच्या, कान कापसाने पुसायच्या आणि चिमट्याने मोहरीचा एकेक दाणा चिकटपट्टीवर उचलून नेमक्या जागी लावायच्या. एका गुरुवारी डावा कान, पुढच्या गुरुवारी उजवा. पहिल्याच दिवशी माझा कान उलटासुलटा करून म्हणाल्या, "कान हाय का आळूचं पान? जागा घावंना."

मग नियम सांगितले. "गोळी बंद करायची न्हाई, हे सोबत. दिवसातून चार येळा दाबायचं, कान गरम होईस्तोवर. आन् रोजच्या रोज खरं लिहायचं." हाताने रेघा मारलेला एक तक्ता दिला : आज शिंका किती, दाबलं किती वेळा. "ह्यानं गुण येतो का, मलाबी पक्कं ठावं न्हाई. तुमी खरं लिवलं तर कळंल. न्हाईतर लोकांचं कान उगंच कशाला धरू?"

बाईंनी माझ्याकडे एवढंच मागितलं होतं. पण पस्तीस वर्षं मी सरकारी पत्रकं भरलेला माणूस. पत्रक महिनाअखेरीस बसून एकदम भरायचं असतं, हे माझ्या हाडात मुरलेलं. गुरुवारी सकाळी चहा घेत मी आठवड्याच्या शिंका लिहून काढायचो. संशय नको म्हणून दोन पेनं वापरायचो. चौदा, तेरा, बारा, अकरा.

सिस्टर चष्मा कपाळावर चढवून तक्ता बघायच्या. "लई सरळ उतरतंय," म्हणायच्या आणि तक्ता डब्यात ठेवायच्या. मग चहा टाकायच्या. त्यांचे यजमान, एस.टी.तले निवृत्त ड्रायव्हर गोरखनाना, दारात शेंगा सोलत बसलेले असायचे. तासभर मी तिथेच. बायको जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तेव्हापासून मला काही फारसं जाणवत नसे. चहात साखर नाही हे कप संपल्यावर कळायचं. दाणे दाबायचं का राहिलं, त्यालाही याहून मोठं कारण नाही.

गेल्या महिन्यात एका शनिवारी दुपारी सिस्टर जेवून आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. मला सोमवारी कळलं. स्कूटर काढली, गेलो. घरात उदबत्ती होती. तिच्या धुराने मला ओळीने नऊ शिंका आल्या, डोळे वाहू लागले. कोणीतरी बाई म्हणाली, "लई जीव हुता वाटतं." मी नाक पुसलं. आत काहीच हलत नव्हतं.

गर्दी पांगल्यावर नानांच्या शेजारी बसलो. म्हटलं, "नाना, ते तक्ते खोटे होते. मी एकदाही दाबलं नाही."

"तिला ठावं हुतं," नाना म्हणाले. "दाबनाऱ्याच्या कानाला वळ उठतो. तुमचा कान कायम कोरा."

"मग सांगितलं का नाही?"

"म्या म्हनलं, हाकल त्याला. ती म्हनली, ऱ्हाऊ द्या, घरी बोलायला कोन न्हाई त्याला." नाना उठून डबा घेऊन आले. बाकीच्यांचे तक्ते मोजायला म्हणून पिशवीत घालून सिस्टरच्या बिछान्याजवळ ठेवलेले होते. माझे तेवढे डब्यात, वेगळे. "हे मोजायचं न्हाईत म्हनली हुती."

मी ते घेतले नाहीत. गुरुवारी लावलेले दाणे अजून कानाला होते, हे तेवढ्यात आठवलं. निदान हे तरी दाबावेत, सांगितलं तसं, गरम होईस्तोवर. डोळे मिटून दाबत राहिलो. काही बोचलं नाही, काही दुखलं नाही. म्हटलं, झालं, आपला कानसुद्धा बधिर झाला.

नानांनी माझ्याकडे बघत डबा खाली ठेवला.

"साहेब," ते म्हणाले, "दानं उजव्या कानाला हायेत. डावा कशाला पिळताय?"