दुसरबीडच्या ट्रंकेतल्या मेक्सिकन मूर्ती

जालन्याहून सुटलेली एसटी सिंदखेडराजाच्या अलीकडे पंक्चर झाली आणि आम्ही तासभर बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत उभे राहिलो. दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून मोकळी झालेली काळी रानं होती. मेक्सिकोतल्या प्राचीन मातीच्या मूर्ती पारखण्यात माझं पुण्यातलं नोकरीचं सगळं आयुष्य गेलं. त्या कामासाठी कधी दुसरबीडला जावं लागेल, असं वाटलं नव्हतं.

बोलावणं तिथल्या सुनंदाचं होतं. तिचा भाऊ गणेश मुंबईत जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला होता. उन्हाळ्यात तो छातीच्या दुखण्याने गेला. त्याच्या ट्रंकेत कपड्यांखाली सात परक्या मूर्ती निघाल्या आणि अशीच एक मूर्ती अस्सल असल्याच्या, माझ्या सहीच्या प्रमाणपत्राची प्रत; त्यावरूनच सुनंदाने मला शोधलं. पोराने संग्रहालय फोडलं, अशी कुजबुज गावात सुरू झाली होती.

स्टँडवर सुनंदा न्यायला आली होती. घर कुंभाराचं, अंगणात आवा (मडकी भाजायची भट्टी) थंड पडलेला. तिचे वडील सोपानराव यांनी मला आग्रहाने भाकरी, पिठलं, ठेचा वाढला, स्वतः मात्र जेवले नाहीत. माझे हात धुवून होताच म्हणाले, "बाई, माह्या पोरानं चोरी केली का, एवढंच सांगा."

सुनंदाने चादरीवर मूर्ती मांडल्या. वीतभर उंचीच्या बायका, जाड मांड्या, चिरेसारखे डोळे. अशा मूर्ती तिकडे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी घडवल्या जात. अस्सल मूर्तीवर शतकानुशतकं मातीत राहिल्याने काळे ठिपके धरतात, ते पुसून जात नाहीत. मी कापूस ॲसिटोनमध्ये भिजवून एका खांद्यावर फिरवला. कापूस काळा झाला. सातही मूर्तींचं तेच.

मूर्ती नव्या आहेत, चोरीच्या नाहीत, असं मी सांगितलं. सोपानरावांनी एक उचलली, उलटी केली आणि पाठीवर बोट फिरवलं. गणेशचा अंगठा लहानपणी विळ्याने कापला होता, असं त्यांनी सांगितलं. तो दाबला की मातीत आडवी रेघ उठायची. ती रेघ तिथे होती.

"ह्या त्यानंच घडवल्या," ते म्हणाले. मग बराच वेळ बघून, "मंग जुन्या काऊन (का) दिसून राह्यल्या?"

ॲसिडने, मी म्हणाले. बंद खोलीत, ॲसिडच्या वाफेवर धरून. सुनंदाने तोंडाला पदर लावला. भाऊ रात्रंदिवस खोकायचा आणि धुळीचं काम आहे म्हणायचा, असं तिने सांगितलं.

मी तेव्हाच उठू शकले असते. पण प्रमाणपत्रावरच्या फोटोतल्या, पूर्वीच विकल्या गेलेल्या आठव्या मूर्तीच्या पाठीवर तीच रेघ होती. 'प्राचीन कारागिराच्या हाताची खूण' असं मी तिच्याबद्दल लिहिलं होतं. कापूस फिरवून बघितला नव्हता. ती आणणाऱ्या व्यापाऱ्याला, म्हणजे गणेशच्या मालकाला, घाई होती, आणि इतक्या दुर्मिळ वस्तूसाठी मला विचारलं, याचाच मला आनंद झाला होता. हे सगळं मी त्यांना सांगितलं.

सुनंदाने कागदावरची तारीख पाहिली. त्याच दिवाळीत गणेश काम सोडून घरी येणार होता, म्हणाली. आला नाही. मालकानं खूप काम दिलंय, एवढाच फोन आला.

सोपानराव रागावले नाहीत. मूर्ती चादरीवर ठेवत शांतपणे म्हणाले, "तुमचा कागद भेटला, मंग त्यायनं त्याले कायले सोडलं असतं?"

संध्याकाळच्या एसटीपर्यंत सुनंदा सोबत आली. निरोप घेताना तिने नमस्कार केला. मला तो घेणं जड गेलं.

पुण्याला पोचल्यावर मी त्या मूर्तीच्या सध्याच्या मालकाला पत्र लिहून प्रमाणपत्र मागे घेतलं. व्यापाऱ्याविरुद्ध पोलिसांत अर्ज दिला. त्याचा दुकानाचा गाळा आता बंद आहे म्हणतात. प्रमाणपत्र रद्द करण्याच्या छापील फॉर्मात चुकीच्या कारणासाठी एक रकाना होता. वय ठरवण्यात चूक, असं मी त्यात लिहिलं. कोणाचं वय, मूर्तीचं की गणेशचं, हे लिहायला तिथे जागा नव्हती.