डावा गाल

यवतहून सकाळची एसटी धरायची, पुण्यात उतरून रिक्षा करायची आणि दवाखान्यात जाऊन आपला गाल दाखवायचा, हे मी कित्येक वर्षं दर सहा महिन्यांनी करत आले. गाल डावा. दिराच्या गुऱ्हाळावर काकवी आणायला गेले होते. गुळाची मोठी काहील उतरवताना उकळता पाक उडाला आणि गालापासून मानेपर्यंतचं कातडं गेलं. मांडीचं कातडं काढून तिथं लावलं. मी ब्लाउज शिवते, त्यामुळे ठिगळाची पारख आहे. काम चांगलं झालं होतं. पण ठिगळ ते ठिगळच.

पुढं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, अशा लावलेल्या कातडीत स्पर्श परत येतो का, किती येतो, याचा अभ्यास चाललाय, तुम्ही याल का. मी लगेच हो म्हणाले. विज्ञानाची सेवा वगैरे काही मनात नव्हतं. घराबाहेर पडायला निमित्त मिळालं, एवढंच.

अभ्यास करणारी डॉक्टरीण माझ्या भाचीच्या वयाची. निळ्या पडद्यापुढं बसवून समोरून, डावीकडून, उजवीकडून फोटो काढायची. मग प्रश्न. ते कुणीतरी इंग्रजीतून ओढूनताणून मराठीत आणलेले. ‘आपल्या दिसण्यामुळे निकटच्या व्यक्तींशी असलेल्या संबंधांवर परिणाम झाला आहे का?’ मी दर वेळी ‘नाही’ सांगायचे. असल्या प्रश्नाला खरं उत्तर कोण देणार? शेवटी ती डोळे मिटायला सांगायची. कांडीच्या टोकाला नायलॉनचा बारीक तंतू असायचा, तो गालावर टेकवायची. ‘कळलं की हो म्हणा.’ मी वाट बघत बसायचे. पंख्याची घरघर ऐकू यायची, तिच्या हातमोज्यांचा रबरी वास यायचा, गालावर मात्र काही नाही. तरी तो वेळ मला आवडायचा. एवढ्या जवळून मला दुसरं कुणी बघत नव्हतं. मापाला आलेल्या बायकासुद्धा माझ्यापुढं हात वर करून उभ्या राहतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलतात.

घरात निराळाच घोळ झाला होता. घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी ह्यांना बजावलं होतं, जखमेला कुणी हात लावायचा नाही, जंतू जातील. ह्यांनी ते इतकं मनावर घेतलं की आलेल्या पाव्हण्यांना दारातच सांगायचे, लांबूनच बोला. स्वतः बाहेरच्या खोलीत झोपायला लागले. जखम भरली, पट्ट्या सुटल्या, वर्षं गेली. आता हात लावला तर चालेल, हे सांगायचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. ह्यांनी विचारलं नाही आणि मी तरी कोणत्या तोंडानं सांगणार होते? राग यायचा. माणूस वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते. हा मलम संपायच्या आत नवी ट्यूब आणणारा, मी शिवत बसले की न सांगता चहा ठेवणारा. त्याच्याशी काय भांडायचं? वडगाव रासाईला माहेरी गेलं की धाकटी भावजय वाकून पाया पडायची. आई गेल्यापासून गळ्यात पडणारं तिथंही कुणी उरलं नव्हतं.

यंदा थंडीत नेहमीसारखी डोळे मिटून बसले होते. नाकाच्या बाजूला काहीतरी चालल्यासारखं झालं. मुंगी असेल म्हणून हात वर गेला. डॉक्टरीण थांबली. पुन्हा तंतू टेकवला. ‘हो,’ मी म्हणाले. आणखी जरा पलीकडं. ‘हो.’ कानाजवळ काही नाही, पण गालाच्या मध्यापर्यंत कळत होतं. तिनं हातमोजा काढून बोट टेकवलं. बोट गरम होतं. मला रडू फुटलं आणि ती बिचारी घाबरली, दुखलं का विचारायला लागली. मग पाणी देऊन म्हणाली, ‘फार चांगला निकाल आहे, मावशी. आणि ही शेवटची तपासणी. अभ्यास संपला, आता तुम्हाला यायला नको.’

परतीच्या एसटीत शेजारी कॉलेजची पोरगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. तिला सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? गाल जागा झाला म्हणून? खिडकीचा वारा डाव्या बाजूनं येत होता. तो मला लागत होता. उरुळी मागं पडलं तरी मी काच ओढली नाही.

हे अंगणात विळ्याला धार लावत होते. मी पिशवीही खाली ठेवली नाही.

‘डॉक्टरीण म्हनली, आता कळतंय. गालाला.’

‘ब्येस झालं की. मग मलम बंद करायचं का?’

‘हात लावून बघा.’

‘नको. दुखंल.’

‘न्हाई दुखत.’

ते उठले. खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले, पुन्हा पुसले, जवळ आले. इतक्या वर्षांत एवढे जवळ आले नव्हते. दाढीचे खुंट पांढरे झालेले मला तेव्हा दिसले. हात डाव्या गालाकडं आला, वीतभर अलीकडं थांबला. मग तिथूनच वळला आणि माझ्या उजव्या गालावर, चांगल्या गालावर टेकला.

‘कळतंय का?’ त्यांनी विचारलं.

‘व्हय,’ मी म्हणाले, आणि ते हात काढेपर्यंत हलले नाही.