दोन गाड्या आणि दोन लिंबे

एका पंचनाम्यात मी नमूद केलेली दोन लिंबे अद्यापही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. एक चिरडलेले, एक अखंड. माझे शिक्षण दहावीपाशी थांबले. परंतु माझ्या हातच्या पंचनाम्यात कोणत्याही वकिलाला बोट ठेवायला जागा मिळाली नाही, हे आमच्या ठाण्यात सर्वांना ठाऊक होते. सध्या स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी इंदापूरला तहसील कचेरीसमोर अर्ज लिहून देतो. त्या वेळी मी बारामती भागातील एका ठाण्यात हवालदार होतो आणि सदर प्रकरणाचा तपास माझ्याकडे होता. संबंधितांची नावे येथे देत नाही. त्यांतील सर्व जण आजही याच रस्त्यांवर वावरतात.

गळीत हंगामाचे दिवस होते. सकाळची हजेरी आटोपली होती. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत होते. इतक्यात इंदापूर रस्त्यावर गॅरेज चालविणारे एक गृहस्थ धापा टाकीत आत आले. त्यांना सारा तालुका उस्ताद म्हणून ओळखत असे. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दोष सांगणारा माणूस. पण त्या दिवशी त्यांना स्वतःचे वाक्य पुरे करता येईना.

"साहेब, निळी गाडी गेली. शेडमधनं गेली."

त्यांच्या मागोमाग दोघे भाऊ आले. पणदऱ्याचे ऊस आणि दूधधंद्याचे सधन बागायतदार. दोघांनाही वेगवान गाड्यांचे विलक्षण वेड. दोघांत मिळून एक जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची आणि ती आपल्या आवडीप्रमाणे मॉडिफाय करायची, एवढे ठरले होते. कोणती घ्यायची, हे मात्र सहा महिन्यांत ठरत नव्हते. थोरल्याला लाल हवी होती. ती टर्बो इंजिनाची, वजनदार, चारही चाकांनी ओढणारी. इंजिनाच्या संगणकाची जुळणी बदलली की तिची ताकद आणखी वाढते, असे त्याचे म्हणणे. धाकट्याला निळी हवी होती. ती हलकी, बुटकी, मागच्या चाकांवर चालणारी. टर्बो नाही, पण वळणावर हातात राहणारी. अखेर उस्तादांनी पुण्याच्या दोन मालकांना स्वतःचा शब्द देऊन दोन्ही गाड्या दोन दिवसांसाठी आणल्या. पहिल्या दिवशी भावांनी त्या चालवून पाहिल्या आणि पूर्वीपेक्षा जास्त भांडले. दुसऱ्या दिवशी निळी गायब झाली.

"उस्ताद, येवढी गाडी काय पाण्यात इरघळली व्हय?" थोरल्याने विचारले.

"दादा, तुला ती नकोच हुती," धाकटा उसळला. "तूच कुठंतरी लावून आलास!"

"आरं, मला नको म्हनून मी चोरीन? नको आसलेली वस्तू कुनी चोरतं का, शान्या?"

मी दोघा भावांना बाकावर बसविले आणि उस्तादांना घेऊन घटनास्थळी गेलो. पत्र्याची शेड, तारेचे फाटक, किल्ल्या फळीवरच्या खिळ्याला. उस्ताद शेडच्या मागेच राहत. सकाळी चहा घेताना त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला होता; परंतु भाऊ लवकर आले असावेत, असे समजून ते उठले नाहीत. उस्तादांना फाटकाबाहेर थांबवून मी दोन पंच बोलावले आणि पंचनामा केला. दिसेल ते लिहायचे, ही माझी पद्धत. लाल गाडी जागेवर होती. निळीच्या रिकाम्या जागेवर एक चिरडलेले लिंबू पडले होते. लाल गाडीच्या डाव्या पुढच्या चाकासमोर एक अखंड लिंबू होते. तेही लिहिले.

परत निघणार तोच ठाण्यातून निरोप आला. एका अनोळखी माणसाने फोन करून खबर दिली होती की, गाडी चोरीस गेलेलीच नाही. उस्तादाने ती सुटी करून सोलापूरकडे पाठविली आहे. खबर ऐकताच मला सर्व काही जुळल्यासारखे वाटले. किल्ली त्याची, शेड त्याची, आवाज ऐकूनही तो उठला नाही. मी उस्तादांना जीपमध्ये मागे बसविले. शेजारचे टायरवाले, चहावाले, रसवंतीवाले असे सर्व जण रस्त्याच्या कडेला येऊन पाहत होते.

ठाण्यात मी त्यांना दोन तास प्रश्न विचारले. आवाज चढविला, हात लावला नाही. टेबलावर त्यांचा मोबाइल सारखा वाजत होता. पुण्याचा मालक फोन करीत होता. ते त्या मोबाइलकडे बघत आणि मान फिरवीत.

"उचला की," मी म्हणालो.

"काय सांगू उचलून? सांजच्याला पाचला गाडी दारात लावतो, आसा शब्द दिलाय. आजपातूर माझ्या शब्दावर लोकांनी किल्ल्या दिल्यात, साहेब. कागद कुनी मागितला न्हाय. गाडी गावली न्हाय तर मी आजच बोर्ड उतरवतो. मंग तुमी मला सोडा न्हायतर ठेवा, सारखंच हाय."

अनेक गुन्हेगारांना मी रडताना पाहिले आहे. ते स्वतःच्या सुटकेसाठी रडतात. या माणसाने सुटकेची गोष्टच काढली नाही. मला थोडी शंका आली. तरीही त्यांच्या जबाबातील विसंगती पकडावी, या हेतूने मी पंचनामा मोठ्याने वाचू लागलो. लिंबापाशी आल्यावर त्यांनी मला थांबविले.

"लिंबू? माझ्या शेडमदी? साहेब, परक्याची गाडी हाय, दोन दिसांची पावनी. तिला मी लिंबू कशाला ठिवीन?"

मी कागदाकडे पुन्हा पाहिले. निळी गाडी नेणाऱ्याने तिच्या चाकाखाली लिंबू ठेवले आणि ते चिरडून तो निघाला. इथपर्यंत ठीक. पण त्यानेच लाल गाडीसमोरही लिंबू ठेवले होते, आणि ते अखंड होते. म्हणजे लालही बाहेर काढायचा त्याचा बेत होता. म्हणजे तो परत येणार होता. चोर परत येण्याची तयारी करून जात नाही. दोन्ही गाड्या एकामागून एक चालवून पाहणारा माणूस चोर नसतो. तो निवड करीत असतो. ही गोष्ट मी स्वतःच्या हाताने सकाळी लिहिली होती आणि दुपारपर्यंत वाचली नव्हती.

मी दोघा भावांना आत बोलावले. "तुमच्या घरी गाडीला लिंबू कोण ठेवतं?"

"तात्या ठिवत्यात," थोरला म्हणाला. "आमचं वडील. माळेगावच्या साखर कारखान्यावर ट्रकला डायवर हुते. नव्या गाडीवर बसायचं म्हनलं की आदी लिंबू. परवा पावन्याच्या स्कूटरला बी ठिवलं."

"तात्या आत्ता कुठं आहेत?"

"रानात आसतील."

घरी फोन लावला. सूनबाई म्हणाल्या की, मामंजी पहाटेच पहिल्या एसटीने बारामतीला गेले. मोबाइल देवळीतच आहे. दोघे भाऊ एकमेकांकडे बघू लागले.

"या सहा महिन्यांत तात्यांना कुणी विचारलं होतं का, कोणती गाडी घ्यायची ते?" मी विचारले.

धाकटा खाली मान घालून म्हणाला, "त्यांना काय कळतंय टर्बोमधलं, साहेब?"

तात्या कुठे गेले असतील, हे उस्तादांनी सांगितले. "डायवर गाडी बघाय निघाला तर वळकीच्याच रस्त्याला जाईल. माळेगावची वाट धरा."

आम्ही जीप काढली. माळेगावच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून एक कच्ची वाट ऊसतोड मजुरांच्या तळाकडे जाते. बैलगाड्यांच्या चाकांनी त्या वाटेवर दोन खोल चाकोऱ्या पडल्या होत्या आणि मधला उंचवटा तसाच राहिला होता. त्या उंचवट्यावर निळी गाडी पोट टेकून बसली होती. मागची चाके जागीच फिरली असावीत. त्यांच्याखाली उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, घातलेले होते. शेजारी एका जोखडावर तात्या बसले होते आणि हातात चहाची वाटी होती. एक तोडकरी बैलजोडी सोडून आणीत होता.

"तात्या, आवो हे काय केलंत?" थोरला ओरडला.

"आरडू नगंस. बैलं बुजतील," तात्या शांतपणे म्हणाले. "आर्ध्या तासात परत लावनार हुतो. हितं आडकली. आता तुमास्नी त्वांड कसं दावावं, म्हनून बसलो."

बैलांनी दोनच हिसक्यांत गाडी बाहेर ओढली. उस्ताद खाली वाकले, पोटाखालून हात फिरविला आणि उठून म्हणाले, "एक वरखडा बी न्हाय." मी त्यांच्याकडे पाहणे टाळले.

शेडवर आल्यावर अखंड लिंबू जागेवरच होते. मी म्हणालो, "तात्या, तपास अर्धवट ठेवता येत नाही. लालही चालवा." तात्यांनी लिंबू चिरडून लाल गाडी काढली, मी शेजारी बसलो, भाऊ मागे कसेबसे मावले. भिगवण रस्त्याच्या फाट्यापर्यंत गेलो आणि परतलो. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, गतिरोधक, दुधाच्या मोटरसायकली. तात्यांनी गाडी थांबविली आणि निकाल दिला.

"लाल चांगली हाय. पर ती सारखी मागती. पुढं मोकळा रस्ता दे, म्हनती, आन् तो तर आपल्याकडं न्हाय. निळी साठाच्या येगात बी खूश आसती. निळीच घ्या. आन् मॉडिफाय करायची तर खाली बसवू नगा. दीड इंच वर उचला."

दोघे भाऊ प्रथमच एकाच वेळी हसले. रीतसर मंजुरीखेरीज गाडीत कोणताही बदल करू नये, अशी समज मी तिथल्या तिथे दिली. पुढे मी निवृत्त झाल्यावर त्या मंजुरीचा अर्ज माझ्याच हातचा गेला आणि तो पहिल्या फेरीत मंजूर झाला.

खोटी खबर एका दुसऱ्या गॅरेजवाल्याने दिली होती, हे दोन दिवसांत उघड झाले. त्यालाही कायदेशीर समज दिली. परंतु ती खबर खरी मानणारा मी होतो. त्या दिवशी दुपारीच गाड्या वेळेत पुण्याला रवाना करून उस्ताद माझ्याकडे वळले होते.

"साहेब, सकाळी सगळ्यांच्या म्होरं नेलंत. आता सगळ्यांच्या म्होरं सोडा."

मी त्यांना जीपमध्ये पुढच्या सीटवर बसविले, रस्त्याने सावकाश एक फेरी मारली आणि परत येऊन त्यांच्या शेडसमोर रस्त्याकडे तोंड करून दोन खुर्च्या मांडल्या. टायरवाले, चहावाले, रसवंतीवाले पाहत असताना मी गणवेशात तिथे बसून चहा घेतला. दुसरा कप मी स्वतः मागितला. स्टेशन डायरीत "संशय निराधार, गॅरेजमालक निर्दोष" अशी नोंद केली आणि ती त्यांना वाचून दाखविली.

त्या दिवसाने मला शिकविले की, नोंद करणे आणि ती वाचणे ही दोन वेगळी कामे आहेत. आणखीही एक सवय लागली. आज माझ्यासमोर कोणी घरातला तंटा घेऊन अर्ज लिहायला बसला की, लेखणी उघडण्यापूर्वी मी विचारतो, "घरात असं कोण आहे, ज्याला कुणी विचारलंच नाही?" पुष्कळदा माणूस कागद तसाच घेऊन घरी जातो आणि माझा एक अर्ज बुडतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

कधी बाजाराच्या दिवशी कचेरीसमोरून ती निळी गाडी जाते. ती आता थोडी उंच दिसते. गतिरोधकावर अलगद चढते, अलगद उतरते आणि एकदाच हॉर्न वाजवते. मुलगे मागच्या अरुंद जागेत गुडघे दुमडून बसलेले असतात, पुढे उस्ताद, आणि स्टिअरिंगवर तात्या.