हनुवटीवरचा हिरवा ठिपका

भुताखेतांचं कुणी सांगायला लागलं की मी उठून कामाला लागते. सातवीत शाळा सुटली, पण एवढी अक्कल आहे मला. म्हणूनच हे लिहिताना धाकधूक होतेय... चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे बीडकडचे. नवरा चाकणला कंपनीत. काळेवाडीत थोरल्या दिरांच्या घरी राहतो. जाऊबाईंना मी ताई म्हणते. त्यांनी मला पाठच्या बहिणीसारखं सांभाळलंय. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून मला कृतघ्न म्हणाल.

ताई रांगोळीत माणसं काढतात, हुबेहूब. यंदा दिवाळीत आकुर्डीला एका हॉलमध्ये रांगोळ्यांचं प्रदर्शन होतं. त्यासाठी त्यांनी फोटो निवडला तो माझ्या आईचा! "तुझ्या आईच्या सुरकुत्या म्हणजे सोनं आहे गं." झालं... आईचा फोन आला की आधी ताईंची चौकशी. "माझं चित्र कुठवर आलं?" मी जेवले का, हे विचारायचंही तिला सुचेना. मी मुकाट फोन ताईंच्या हातात द्यायची नि भांडी घासायला बसायची.

आईच्या हनुवटीवर गोंदणाचा ठिपका आहे, हिरवा. फोटोत तिथं नेमकी पदराची सावली. मी ताईंना सांगितलंच नाही. म्हटलं, एवढं तरी माझ्या एकटीचं राहू दे.

मोठी रांगोळी चेहऱ्यापासून सुरू करून मागे सरकत भरतात. कडा भरल्या की मधे हात पोचत नाही, आणि पाय ठेवला तर ठसा उमटणारच. चार दिवस हॉलमध्ये खपून, प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी ताईंनी शेवटची कड भरली. हनुवटी कोरी होती — मी स्वतः पाहिली. मग हॉलला कुलूप लागलं.

सकाळी दोघी बरोबरच आत गेलो. हनुवटीवर हिरवा ठिपका! जागच्या जागी, जरासा डावीकडे.

ताई गर्रकन वळल्या. "तू केलंस हे?"

"मी? ताई, ठसा तरी दिसतोय का कुठं?" ताईंचा विश्वास उडाला तर आम्ही जायचं कुठं?

त्या वाकून चारी बाजू बघून आल्या. "हिरवा रंग तर मी आणलाच नव्हता... पण हे आहे काय?"

तेव्हा आईच्या गोंदणाचं सांगावंच लागलं. ताई पुन्हा वाकून ठिपका न्याहाळायला लागल्या.

तेवढ्यात लोक यायला लागले. एक आजी म्हणाल्या, "काय नजर आहे बाई तुमची! गोंदणसुद्धा सोडलं नाही." मी बाजूला उभी राहून हसले. दुसरं काय करणार?

दुपारी व्हिडिओ कॉलवर आईला चित्र दाखवलं. बघतच राहिली. "बरं केलंस माय, जावंला सांगितलंस. मला वाटलं, तू इसरलीस."

मी "हं" म्हटलं.

आई गावी ठणठणीत आहे, कुणी गेलं नाही, काही नाही. ताई म्हणतात, नको डोकं शिणवू. पण कुणी ठेवला तो ठिपका? आणि ठेवायचाच होता, तर मी रोज दारात काढते ती रांगोळी काय वाईट होती?