एकशे बारा चुली

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका सोसायटीचं साठ्याचं रजिस्टर तपासत बसलो होतो. फोन आक्कांचा होता, म्हणजे आप्पांच्या पत्नीचा. "भाऊ, हे गेले रं," एवढंच त्या बोलल्या. रजिस्टरवर जिथे बोट होतं तिथे मी चिठ्ठी घातली, साहेबांना सांगितलं आणि स्कूटर काढली. बेळगावच्या टिळकवाडीत त्यांच्या दारापर्यंत पोचेतो डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. चारच दिवसांपूर्वी ते मला म्हणाले होते, "ह्या खेपेला चुली मोजायला तू स्वतः चल." आणि मी म्हणालो होतो, "बघू, जरा कामं आवरू देत..." ह्याला आता दीड महिना झाला. त्या 'बघू'चा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

कंग्राळीच्या शाळेत आप्पा आम्हाला शास्त्र आणि गणित शिकवायचे. उत्तर आलं तरी उलटं करून पुन्हा बघायचं, ही सवय त्यांनीच लावली. पुढे मी हिशेब तपासनीस झालो आणि त्यांच्याच गल्लीत राहायला गेलो. पण आमच्या शाळेत येण्याआधी त्यांनी सात वर्षं कारवारकडच्या खाडीकाठच्या एका वस्तीत नोकरी केली होती. तेव्हा ते एकटे होते. तिथल्या लोकांनी त्यांना वार लावून दिले होते. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. आठवड्याला सात घरं, आणि दर वर्षी घरं बदलायची, म्हणजे सगळ्यांना मास्तर मिळावा. सात वर्षांत वस्तीतली बहुतेक घरं त्यांनी जेवून काढली. निपाणीच्या आक्का लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना नवऱ्याच्या तोंडी रोज वेगळ्या बाईच्या आमटीचं कौतुक ऐकावं लागलं. "माझ्या झुणक्याला कधी असं म्हणाले न्हाईत," असं त्या परवापरवापर्यंत हसत सांगायच्या.

त्या वस्तीची भातशेती खाडीच्या मातीच्या बांधामागे आहे. बांध बायकांनी आणि गड्यांनी पिढ्यानपिढ्या हातांनी लिंपत आणला. काही वर्षांपूर्वी तो दोन ठिकाणी फुटला. भरतीचं पाणी आधी शेतात आलं, मग विहिरीत. बायकांनी मास्तरांना फोन केला. आप्पा तेव्हा निवृत्त झाले होते. किनाऱ्यावरच्या लोकांसाठी पर्यावरणाच्या कामांना पैसा देणारा एक निधी आहे, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. बांध पुन्हा बांधायचा, बाहेरच्या अंगाला कांदळाची झाडं लावायची, असा अर्ज करायचं ठरलं. वस्तीतल्या बायकांचं मंडळ नोंदवलं, आप्पा चिटणीस झाले. मी आकडे तपासून सही करणारा. मसुदा ते शिसपेन्सिलीने लिहायचे, शाईने मी उतरवायचो. "तू शाईचा माणूस," ते म्हणायचे, "तुला खोडायचं माहीत न्हाय."

त्या अर्जांनी आम्हाला किती पिळलं ते अर्ज न केलेल्याला सांगून कळणार नाही. फॉर्म इंग्रजीत, सूचना कन्नडमध्ये, जोडपत्रं कुठल्याही भाषेत, पण प्रत्येक पान स्कॅन करून ठरावीक केबीच्या आतच चढवलं पाहिजे. पहिला अर्ज परत आला, कारण चिटणिसाचा पत्ता किनाऱ्यावरच्या जिल्ह्यातला नव्हता. विचारायला गेलो तर खिडकीवरचा माणूस हसून म्हणाला, "बेळगाविगे समुद्र बंतेनु?" बेळगावला समुद्र आला काय, असं. आप्पा शांतपणे म्हणाले, "अजून न्हाय. पर तिकडं विहिरीत आलाय." मग चिटणीस बदलला, वस्तीतल्या एका बाईंचं नाव घातलं. दुसरा अर्ज परत आला, कारण नकाशावर अक्षांश-रेखांश नव्हते. फॉर्ममध्ये एक रकाना होता, 'प्रकल्पातील नावीन्य'. त्याच्यावर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. "बांध फुटलाय, तो बुजवायचाय. ह्यात नवीन काय लिहू?" आप्पा विचारायचे. "खारं पाणी प्यायला लागतंय, हे नवीन हाय. लिहू का?" मी म्हणायचो, लिहू नका. ते लिहायचे, मग स्वतःच खोडायचे.

तिसऱ्या वेळी सगळं जमलं होतं. आणि ह्या तिसऱ्या अर्जाबद्दलच मला सांगायचं आहे. अट अशी होती, की लाभार्थी कुटुंबं किमान शंभर हवीत. मी वस्तीतल्या रेशनकार्डांची यादी मागवली. सत्त्याऐंशी. आप्पांनी पिशवीतून एक दोनशेपानी वही काढली. महिन्यापूर्वी ते चार दिवस वस्तीत राहून आले होते, घरोघर फिरून चुली मोजून. तिकडे मुलाचं लग्न झालं की वर्षा-दोन वर्षांत त्याची चूल वेगळी होते. छप्पर तेच, विहीर तीच, कार्डही म्हाताऱ्याच्याच नावावर, पण मीठ-तांदूळ वेगळं. अशा चुली एकशे बारा. वहीत प्रत्येक चुलीला नंबर, बाईचं नाव, खाणारी तोंडं, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी काय शिजत होतं ते. 'बांगड्याचं तिखलं.' 'पेज आणि भाजलेली सुकी मासळी.' 'तिसऱ्यांची आमटी.' 'काही नाही, माहेरी गेली.'

मी म्हणालो, "आप्पा, ह्याला पुरावा म्हणत न्हाईत."

"तिखल्याला पुरावा कसला रं? मी वास घेतलाय."

"कार्डं सत्त्याऐंशी हायत. मी एकशे बारावर सही केली आणि उद्या कुणी तपासलं तर?"

"तपासू दे की. दुपारी बारा वाजता ये म्हणावं, धूर मोज."

"खोट्यावर सही करायची न्हाय, हे तुम्हीच शिकवलंय."

हे बोलायला नको होतं. आप्पांनी वही पिशवीत परत ठेवली आणि ते म्हणाले, "मी ज्या चुलीवर जेवलो ती मोजू नको म्हणतोस. बरं. सही तुझी हाय. सत्त्याऐंशी लिही." मी शाईने सत्त्याऐंशी लिहिलं. निदान ती वाचून कुणी अट शिथिल करेल म्हणून खाली टीप जोडली, की प्रत्यक्ष स्वयंपाकघरं अधिक आहेत. ती टीप कुणी वाचली असेल असं वाटत नाही. आठ दिवसांत अर्ज पहिल्याच चाळणीत बाहेर पडला. आप्पा मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्या पावसाळ्यात बांधाचं भगदाड आणखी रुंद झालं. बायका पिण्याचं पाणी पलीकडच्या गावातून होडीतून आणू लागल्या.

बाराव्या-तेराव्यानंतर आक्कांनी अर्जांची फाइल आणि ती चुलींची वही माझ्या हातात दिली. नव्या फेरीची मुदत जवळ होती. फाइलीत त्या तिसऱ्या अर्जाची नियमपुस्तिका होती. तिच्या अगदी शेवटच्या पानावर, बारीक टायपात, कुटुंब म्हणजे काय ते दिलं होतं. एका स्वयंपाकघरात शिजवून जेवणारी माणसं. कार्डाचा उल्लेखही नव्हता. त्या ओळीखाली शिसपेन्सिलीची रेघ होती. मी ते पान दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा आक्कांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ते त्यांना अर्ज परत आल्यावर दिसलं. मला म्हणाले, भाऊला आत्ता सांगू नको. त्याचा हात परत कागदाला लागायचा न्हाय. फेरी निघाली की मीच त्याला तिकडं नेऊन दाखवतो."

अर्ज भरताना हीच पुस्तिका माझ्याकडे होती. पहिली बारा पानं मी ओळीवर बोट ठेवून वाचली होती. शेवटचं पान वाचलं नाही, कारण त्यावर फक्त व्याख्या होत्या, आणि कुटुंब म्हणजे काय हे मला माहीत आहे असं मी धरून चाललो. दुसऱ्याने अशी चूक केली असती तर मी त्याच्या अहवालात लाल शेरा मारला असता. आप्पांचाही राग आला. सांगायचं की तोंडावर. मला सांभाळून घ्यायची काय गरज होती...

पुढच्या सुट्टीला खानापूर-लोंढ्यावरून घाट उतरून मी एकटाच वस्तीत गेलो. विहिरीचं पाणी तोंडात घेऊन बघितलं, थुंकलं. मग वही काढून पहिल्या चुलीपासून सुरुवात केली. सगळं फिरून झालं तेव्हा नऊ चुली बंद निघाल्या. ती माणसं पाण्याला कंटाळून शहरात खोल्या घेऊन गेली होती. उरल्या एकशे तीन. शंभराच्या वर तीनच. एक वर्ष आणखी गेलं तर ह्याही राहायच्या नाहीत. आप्पा असते तर बंद चुलींवर त्यांनी काट मारली असती का, ते मला ठरवता येईना. मी मारली नाही. बाजूला 'शहरात' एवढं लिहिलं.

पहिली चूल चिटणीस बाईंच्या सासूची, आवलीआक्काची. मी दारात उभा राहून नाव, माणसं, सगळं विचारलं आणि वही मिटायला लागलो. ती म्हणाली, "आणि शिजलं काय ते लिहीत न्हाय? मास्तर लिहायचे." अर्जात त्याला रकाना नाही, असं मी सांगितलं. "असू दे. लिहा. आज सुंगटांची कडी." सुंगटं म्हणजे कोळंबी. मग तिने पाट मांडला आणि म्हणाली, "बसा. आज गुरुवार. आमच्याकडं मास्तरांचा वार गुरुवारचा होता."

मी बसलो. जेवण झाल्यावर खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं, आणि वहीला दोऱ्याने बांधलेली आप्पांची शिसपेन्सिल सोडली. पहिल्या नंबरासमोर त्यांच्या अक्षरात 'तिसऱ्यांची आमटी' होतं. त्याच्याखाली मी 'सुंगटांची कडी' लिहिलं, आणि उठून दुसऱ्या चुलीकडे गेलो. अर्ज आता एकशे तीन चुलींचा गेला आहे, माझ्या सहीने. उत्तर अजून यायचं आहे. वही माझ्या टेबलावर असते, पेन्सिल तिला पुन्हा दोऱ्याने बांधली आहे.