साडूच्या परवान्याचा अर्ज

माझ्या साडूला घाटात दोनदा लुटलं, आणि मला वीस वर्षांत एकदाही नाही. ही तक्रार कुणाकडे करायची ते मला अजून समजलेलं नाही.

आम्ही दोघेही ट्रकवाले. तो माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, ओझरच्या बाजूचा. द्राक्षं किंवा टोमॅटो भरून दर आठवड्याला इंदूरला जायचा. माझी गाडी मनमाड, मुंबई, फार तर पुणे. रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज मात्र आधी मी केला होता. चौकशीला आलेल्या हवालदाराने विचारलं, "कुणी धमकावलंय? हल्ला झालाय? गुन्हा नोंदवलाय?" मी म्हणालो, रस्ता म्हटला की धोका आलाच. त्याने वहीत दोन ओळी लिहिल्या आणि चहा पिऊन गेला. पुढे पत्र आलं, अर्जदाराच्या जिवाला धोका असल्याचे दिसून येत नाही. बायको म्हणाली, "बरंच झालं की!" मला तो माझा धडधडीत अपमान वाटला.

वर्षभराने साडू कोरा अर्ज घेऊन आमच्या घरी आला. "साडूभाऊ, तुम्ही एकदा भरलाय, तुम्हाला समदं ठाऊक हाय. आन् माझं अक्षर म्हंजी कोंबडीचे पाय." सोबत त्याने पोलीस ठाण्यातल्या दोन तक्रारींच्या प्रती आणल्या होत्या. डोक्याला सात टाके पडले त्याचा दवाखान्याचा कागदही होता. काय एकेक कागद होते! मला त्या टाक्यांचासुद्धा हेवा वाटला.

मी टेबलाशी बसून अर्ज भरत होतो. तो स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसून माझ्या बायकोच्या थालीपिठाचं कौतुक करत होता, आणि ती त्याला न विचारता लोणी वाढत होती. मला कधी असं वाढलेलं आठवत नाही. शस्त्र कुठे बाळगायचं आहे, असा एक रकाना आला. पुढे तीन चौकटी होत्या. जिल्हा, राज्य, संपूर्ण भारत. हा माणूस दर आठवड्याला राज्याबाहेर जातो हे मला माझ्या गाडीच्या नंबराइतकं पाठ होतं. पेन जरा थांबलं. मग मी राज्याच्या चौकटीत खूण केली. संपूर्ण भारत मागितला तर अर्जच नामंजूर होईल, त्याच्याच भल्यासाठी करतोय, अशी मनाची समजूत घातली. ती खोटी होती, आणि खोटी आहे हे मला तेव्हाही कळत होतं. त्याने न वाचता सही केली.

परवाना मिळाला आणि सासुरवाडीत माझी किंमत उतरली. मी थोरला जावई, वयानेही मोठा, पण खुर्ची त्याला आणि सतरंजी मला. दसऱ्याला आम्ही दोन्ही गाड्या सासऱ्यांच्या अंगणात पूजेला लावतो. मी नेहमीप्रमाणे जॅक, पाने आणि चाक खोलायची टॉमी पुसून मांडली. त्याने गोळ्या काढलेलं रिव्हॉल्व्हर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवलं. सासूबाईंनी पहिलं हळदीकुंकू त्या रिव्हॉल्व्हरलाच वाहिलं. नंतर गाड्यांना, आणि बोटाला उरलेलं माझ्या जॅकला. अर्धं गाव बघायला जमलं. माझा नुसता जळफळाट चालला होता.

त्याच गर्दीत त्याने परवान्याचं पुस्तक माझ्या हातात दिलं. "बघा ना साडूभाऊ, समदं बरोबर हाय ना?" क्षेत्राच्या पुढे महाराष्ट्र राज्य असं स्पष्ट लिहिलं होतं. राज्याच्या हद्दीवरचा बिजासनचा घाट ओलांडला की हे हत्यार बेकायदा, एवढं एकच वाक्य मला बोलायचं होतं. मी म्हणालो, "हो, बरोबर आहे."

त्या हिवाळ्यात घाटापलीकडे पोलिसांनी तपासणीसाठी त्याची गाडी थांबवली. त्याने स्वतःहून रिव्हॉल्व्हर आणि परवाना पुढे केला. लपवायचं त्याच्या मनातच नव्हतं. परवाना वाचणाऱ्याने मात्र नीट वाचला. रिव्हॉल्व्हर जप्त झालं, गुन्हा दाखल झाला, जामीन होईपर्यंत गाडीतली द्राक्षं सडली. फोन आला तेव्हा मी आडगाव नाक्यावर होतो. खरं सांगतो, आधी मनातून बरं वाटलं. भीती नंतर वाटली.

सुटून आल्यावर काही दिवसांनी तो आमच्या घरी आला. वाळला होता. हातात इथल्या कचेरीची नोटीस होती, परवाना रद्द का करू नये याचा खुलासा करा म्हणून. "तुम्हीच लिहा," तो म्हणाला. "तुमच्या हातनं काम व्हतं."

मी कागद घेतला. तो सांगू लागला, "लिहा, अर्ज मी सोता भरला. मला त्यातलं कळलं नाय."

"अर्ज मी भरला होता," मी म्हणालो.

"ते मला ठाऊक हाय. नजरचुकीनं झालं आसंल, मानूस हाय. पन तुमचं नाव कशाला कागदावर? उद्या तुम्हाला चौकशीला बोलावतील, तुमची गाडी उभी राहील. माझं जे व्हायचं ते माझं व्हऊ द्या."

असं बोलता येणाऱ्या माणसाचा मला पुन्हा हेवाच वाटला. नजरचूक नव्हती, हे सांगायला तोंड उघडलं होतं. बायको पाणी घेऊन आली आणि मी ते मिटलं.

मग मी त्याच्या नावाने लिहिलं, की सदर अर्ज मी स्वतः भरला असून राज्याच्या चौकटीतील खूण मीच केलेली आहे. तो म्हणाला, वाचून दाखवा. मी वाचून दाखवलं. "लय भारी लिहिलं," म्हणत त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि खाली सही केली.