मधल्या परातीतल्या लाट्या

नलूच्या आईचा फोन आला तेव्हा मी डाळ निवडत होते. "नलू झोपेतच गेली गं... छान गेली," त्या म्हणाल्या. मला त्यांचा रागच आला. छान कसलं जाणं!

नव्वदच्या दशकात ठाण्याच्या एका कॉलेजात आम्ही दोघी कॉम्प्युटर शिकवायचो. लॅबमध्ये नाना कंपन्यांची, नाना वयांची यंत्रं. त्यातलं सगळ्यात म्हातारं तर चालताना खोकायचं. प्राचार्य जुनी यंत्रं भंगारात काढायला निघाले होते. नलूचा त्या म्हाताऱ्यावर भारी जीव. "सगळी एकमेकांना जोडून, सगळ्यांकडून मिळून एकच गणित करून दाखवते. नाही जमलं तर खुशाल विका," तिने सांगून टाकलं. गणित होतं खाडीच्या भरतीचं, पाणी कुठवर चढेल याचं. तिने काम सगळ्यांना प्रसादासारखं सारखं वाटलं आणि तिथेच फसली. नवी यंत्रं झटक्यात मोकळी होऊन ताटकळायची, म्हातारं आपलं रेंगाळत बसायचं. मी म्हटलं, "काढून टाक ना त्याला!" तर फणकारली, "अगं, त्याच्यासाठीच चाललंय ना सगळं!"

त्या रविवारी मानपाड्याला तिच्या घरी पापड होते. मध्ये लाट्यांची परात, भोवती शेजारणी. गप्पा रंगलेल्या असताना नलू लाटता लाटता थबकली. "आपण वाटून कुठे घेतो गं? जिचा हात मोकळा, ती उचलते..." आणि इतकी हसली की पिठी सांडली. जन्मभर पापड लाटलेली बाई ती! सोमवारी तिने गणिताचे लाट्यांएवढे तुकडे करून मध्ये ठेवले; जे यंत्र मोकळं होईल, त्याने पुढचा उचलायचा.

प्राचार्यांसमोर दाखवायच्या दिवशी सगळ्यात नवं यंत्रच मध्येच बंद पडलं. मी ते चालू करायला धावले. नलू जागची हलली नाही. त्याचं उरलेलं काम बाकीच्यांनी उचललं, थोडं म्हाताऱ्यानेही, आणि जरा उशिरा का होईना, गणित पुरं झालं. "बरं, राहू दे ते खोकड," प्राचार्य म्हणाले.

गेल्या आठवड्यात नलूच्या आईंनी पापडांना बोलावलं. "यंदा कशाला?" मी विचारलं. "पीठ भिजवलंय," एवढंच उत्तर. नलूचा पोळपाट भिंतीला टेकवलेला होता. आईंचे हात आता थरथरतात. माझे तीन होईपर्यंत त्यांचा एक. कुणी घाई केली नाही. नलूने उचलल्या असत्या त्या लाट्याही आम्ही कधी उचलल्या, कळलंच नाही. परात रिकामी झाली.

"झाले की गं सगळे," आई म्हणाल्या. तेव्हा कुठे मला रडू आलं... आणि बरं वाटलं.